कच्च्या बातमीवरची रेघ

माझ्या ताईने दुपारच्या बातम्यांत एका जिवंत माणसाला मारून टाकलं, आणि तेही अगदी स्वच्छ, भरदार आवाजात. शहरातले सर्वांत ज्येष्ठ गवई आज सकाळी गेले, असं तिने सांगितलं, एक श्वास घेतला आणि पुढच्या बातमीकडे वळली. गवईबुवा त्या वेळी घरी चहा पीत होते. रेडिओ केंद्रावर फोन त्यांनी स्वतःच केला. "मी गेलोच आहे, तर माझ्याबद्दल निदान चार चांगली वाक्यं तरी बोलायची होती," ते म्हणाले. "नुसतं 'गेले' म्हणून मोकळ्या झालात?" फोन घेणाऱ्याची पाचावर धारण बसली.

गवईबुवांनी ते हसण्यावारी नेलं, बाकी कुणी नेलं नाही.

ताई बातम्या वाचते. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून वाचते. बाबा गेल्यावर घर तिच्या आवाजावर चाललं, माझं शिक्षणही त्याच आवाजावर झालं. मी तिची धाकटी बहीण, संगणकावर दिसणारे पडदे बांधते, म्हणजे कुठलं बटण कुठे, कुठलं अक्षर केवढं, ते सगळं. आणि गंमत अशी, की केंद्रातल्या स्टुडिओत ताई ज्या पडद्यावरून बातम्या वाचते, ते सॉफ्टवेअर माझ्याच कंपनीचं. मी तिथे लागले त्याच्या आधीच ते बसवलेलं होतं. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आरोपी आणि हत्यार बनवणारी, दोघी समोरासमोर बसल्या होत्या. आई मधे बसून दोघींना वाढत होती.

"त्या वाक्यावर रेघ नव्हती गं," ताई म्हणाली. "देवाशपथ सांगते. रेघ हवामानाच्या वाक्यावर होती. म्हणून मी हवामान सोडलं आणि ते वाचलं."

हे समजायला त्या केंद्रातली एक रीत माहीत हवी. कानावर आलेली पण खातरजमा न झालेली बातमी तिथे टाकून देत नाहीत. ती बातमीपत्रात आपल्या जागी लिहून ठेवतात आणि तिच्यावरून आडवी रेघ मारतात. तिला म्हणतात कच्ची बातमी. वाचणाऱ्याची नजर रेघ दिसली की उडी मारून पुढे जाते. ऐन वाचताना खात्री पटली तर उपसंपादक शेजारच्या खोलीतून रेघ पुसतो, आणि वाचणारी ती अशी वाचते जशी काही मघापासून तिथेच होती. ताईने या एका रेघेच्या चार केल्या होत्या. शब्दाच्या खाली रेघ असेल तर जोर द्यायचा, वर असेल तर सूर चढवायचा, पायाशी ठिपके असतील तर थांबायचं, आणि मधून गेली असेल तर ते वाचायचंच नाही. कागद होते तेव्हा ती हे पेन्सिलीने करायची. बाकीचे वाचणारे आधी तिला हसले, मग हळूच सगळ्यांनी तेच उचललं. कागद गेले आणि पडदे आले, तेव्हा आमच्या कंपनीने त्या चारही रेघा पडद्यावर आणून दिल्या.

"उपसंपादक काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, मी गवईबुवांवरच रेघ मारली होती. आणि मारली होती, गं. तपासलं सगळ्यांनी. प्रमुखबाई मला म्हणाल्या, ताई, एकदा डोळे तपासून घ्या." तिने पोळीचा तुकडा ताटातच फिरवला. "निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीचं बातमीपत्र नवी मुलगी वाचणार. त्यानंतरचीही तीच. मला ठरावीक घोषणांचं ध्वनिमुद्रण दिलंय. आता इतके वाजले आहेत, अमुक गाडी उशिरा येत आहे. मी बातम्या वाचणारी आहे. घड्याळ नाही. त्यापेक्षा सोडते."

ताई रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पोळी संपवून, ताट घासून, झोपायला गेली. मी मात्र रागाने नुसती फुलत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत शंभरदा लिहिली असेन, पण आपल्या घरात फास आला की तिचा अर्थ कळतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती थेट फूटपट्टींच्या टेबलाशी. हे आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मोजल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, म्हणून त्यांचं नाव फूटपट्टी. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. रेघांचा कोड त्यांनी लिहिला होता.

"सर, त्या दिवशी रेघ हवामानावर कशी गेली?"

"गेलीच नाही," ते म्हणाले. त्यांनी मला सगळं उघडून दाखवलं. पानंच्या पानं कोड होता आणि हुकूम सगळे एकाच जातीचे होते: डावीकडून इतके ठिपके जा, वरून इतके खाली ये, तिथून तिथपर्यंत रेघ ओढ. नीटनेटका, अभिमानाने लिहिलेला. "हे बघ. इथे मारायला सांगितली, इथेच मारली. शेवटपर्यंत इथेच होती. माझी रेघ एका ठिपक्यानेही हलली नाही."

हे वाक्य त्यांनी छाती पुढे काढून म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी त्यांच्याच पडद्यावर पाच वाक्यं लिहिली. तिसऱ्यावर रेघ मारली. मग पहिल्या वाक्याच्या वर एक नवं वाक्य घातलं, कारण बातमीपत्रात ताजी बातमी बहुधा वरच येते. सगळी वाक्यं एकेक ओळ खाली सरकली. रेघ होती तिथेच राहिली, आणि तिच्याखाली आता दुसरंच वाक्य येऊन बसलं होतं. माझं तिसरं वाक्य मोकळं, साफ, वाचायला तयार.

"तुमची रेघ हलली नाही, हाच तर घोटाळा आहे, सर!"

फूटपट्टींनी ते वाक्य काढून पुन्हा घातलं. मग म्हणाले, "पण उपसंपादकाने मधेच वाक्य घातलंच कशाला?"

नाचता येईना अंगण वाकडं. मी तसं म्हणाले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते आलं असणार, कारण ते लगेच ठिगळाच्या गोष्टी बोलू लागले. वाक्य घातलं की रेघा पुन्हा मोजू. अक्षर मोठं केलं की पुन्हा मोजू. पडद्यावरची खिडकी लहान केली की पुन्हा. मी म्हणाले, "मोजायचंच नाही. रेघ ओढायचीच नाही. वाक्याला फक्त सांगायचं, तू कच्चं आहेस. आणि कच्चं वाक्य कसं दिसतं, ते शैलीत, म्हणजे दिसण्याच्या नियमात, एकदाच लिहून ठेवायचं."

घरी ताईला आणि आईला मी हेच समजावत होते, कोडची भाषा टाळून, आणि दोघींच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "म्हणजे तुमच्या शाळेतल्या बाई बाकावर खडूने मुलांची नावं लिहायच्या, तसं ना? मुलं जागा बदलायची आणि नावं बाकावरच राहायची. म्हणून मी तुमची नावं स्वेटरच्या कॉलरला शिवून टाकली. पोर कुठेही जाऊन बसेना का."

इतकी वर्षं हे काम करून मला ते इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

प्रमुखबाईंकडे आम्ही दोघं गेलो, मी आणि फूटपट्टी. त्यांच्या खोलीत मी तीच पाच वाक्यं, तीच रेघ, तेच घुसलेलं वाक्य दाखवलं. केंद्राच्या प्रमुखबाई फार बोलत नाहीत. चष्मा काढून पुसतात, तेव्हा समजायचं की विचार चालू आहे.

"म्हणजे चूक ताईंची नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपनीची होती."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फूटपट्टी म्हणाले, "माझी होती." त्यांचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला ते पहिल्यांदाच आवडले.

"बरं. पण श्रोत्यांनी तुमचा कोड ऐकला नाही. त्यांनी आवाज ऐकला." चष्मा परत नाकावर गेला. "ताई निकालाचं बातमीपत्र वाचतील. वाक्यं मिनिटामिनिटाला बदलतील, हे तुम्हाला माहीत आहे. एकही रेघ भलतीकडे गेली, तर ताईंचं ध्वनिमुद्रण कायमचं, आणि तुमचं सॉफ्टवेअर केंद्राबाहेर. चालेल?"

मी ताईला न विचारता "चालेल" म्हणून बसले. घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझी नोकरी लावलीस पणाला. विचारलंस तरी का?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"चालेल म्हणाले असते. पण विचारायचं असतं, शहाणे!"

मग काम सुरू झालं. लिहायला ते जेमतेम अर्धं पान होतं. चार शैली होत्या, एकेका शैलीत एकेक रेघ: कुठे असावी, किती जाड, कुठल्या रंगाची, सलग की तुटक. पण कागदावर सोपं ते आपल्या लिपीत सोपं नसतं. ताई दुपारी ऑफिसात येऊन बसली आणि पहिल्याच ओळीवर भडकली. खालची रेघ सगळ्या उकारांच्या मानेवरून गेली होती. वरची रेघ वेलांट्यांत आणि अनुस्वारांत अडकून नुसता गुंता झाला होता.

"ही रेघ आहे की दोरी वाळत घातलीय? मला 'फुटला' आणि 'फटला' यातलं काही कळत नाहीये."

ज्यांनी हे साधन मुळात घडवलं, त्यांच्या इंग्रजी अक्षरांना ना डोक्यावर मात्रा, ना पायाखाली उकार. मी खालची रेघ आणखी खाली ढकलली, वरची आणखी वर, आणि ती अंतरं ठिपक्यांत न लिहिता अक्षराच्या मापात लिहिली. म्हणजे अक्षर वाढलं की अंतर वाढेल, जाडीही वाढेल. ताईने चष्मा काढला, अक्षरं चांगली दुप्पट केली आणि रेघा आज्ञाधारकपणे त्यांच्या मागोमाग मोठ्या झाल्या. मधून जाणारी रेघ मी करडी आणि बारीक ठेवली. कच्ची बातमी सोडायची असली तरी ती वाचता आली पाहिजे. काय सोडतोय, ते सोडणाऱ्याला कळायला हवं. ताईचंच म्हणणं होतं ते.

"आता ठिपके जरा गडद कर," ती म्हणाली. मी एका ठिकाणी एक शब्द बदलला. अख्ख्या बातमीपत्रातले सगळे ठिपके एकदम गडद झाले.

मागे उभे असलेले फूटपट्टी म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"माझ्याकडे यासाठी..." ते म्हणाले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, आणि त्यांनी माझं काम मोडायला घेतलं. यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. वाक्यं वर घातली, मधे घातली, तोडली, दोन ओळींत पसरवली, खिडकी चिमटीएवढी केली. रेघा वाक्यांना चिकटून फिरत राहिल्या. मी आतून नुसती नाचत होते. आणि मग त्यांनी बोट ठेवलं.

"थांब. परत घाल ते वाक्य. बघ. दिसलं?"

मला काहीच दिसलं नव्हतं. ताईलाही नाही. त्यांनी तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा दिसलं. नवी बातमी पडद्यावर यायची, पापणी लवेल एवढा वेळ मोकळी असायची, आणि मग तिच्यावर रेघ यायची. बातमी आधी पोचत होती, ती कच्ची असल्याची खूण मागून.

"ताईंची नजर नेमकी त्या वेळी तिथे असली तर?" ते म्हणाले.

ते शंभर टक्के बरोबर होते. मी लिहिलं होतं, वाक्य कच्चं असेल तर रेघ दाखव. म्हणजे काही कळेपर्यंत ते पक्कंच धरलं जात होतं.

"उलटं लिहू," मी म्हणाले. "प्रत्येक वाक्य जन्मतः कच्चं. रेघ मुळातच असणार. उपसंपादक 'पक्कं' म्हणाला, तरच जाणार."

"आधी रेघ, मग मोकळीक," फूटपट्टी म्हणाले.

मूळ शैलीत रेघ, आणि अट पुरी झाली तर रेघ नाही. दोन ओळींची अदलाबदल. फूटपट्टींनी पुन्हा वाक्यं घातली, पुन्हा पुन्हा घातली, नाक पडद्याला लावून बघितलं. मग मागे रेलून म्हणाले, "आता माझ्याकडून काही मोडत नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे मेडलच. मग त्यांनी स्वतःचा जुना कोड उघडला, एकदा वरून खालपर्यंत प्रेमाने बघितला, आणि सगळाच्या सगळा पुसून टाकला. मला म्हणाले, "तू पुसला असतास तर मला राग आला असता."

निकालाचा दिवस उजाडला. बातमीपत्र दुपारचं होतं. काचेपलीकडे स्टुडिओत ताई, अलीकडे मी, फूटपट्टी, प्रमुखबाई आणि ध्वनिमुद्रक. शेजारच्या खोलीत उपसंपादक आणि त्याचे फोन. कोपऱ्यात दोन छोटे रेडिओ लावून ठेवले होते, इतर केंद्रं काय सांगतात ते ऐकायला. दाराशी नवी निवेदिका उभी होती, कारण संध्याकाळचं बातमीपत्र अजून तिच्याच नावावर होतं. लाल दिवा लागला आणि ताईचा आवाज आला. त्याला जराही कंप नव्हता.

सगळं शहर एकाच जागेकडे कान लावून होतं. एका बाजूला नावाजलेले वकील, दुसऱ्या बाजूला बेकरी चालवणाऱ्या एक बाई, ज्यांना कुणी खिजगणतीतही धरलं नव्हतं. ताई पाणीपुरवठ्याच्या बातमीवर होती, तेवढ्यात तिच्या नजरेच्या दोनच ओळी खाली एक नवं वाक्य उमटलं: वकील विजयी. ते उमटलं तेच अंगावर रेघ घेऊन. त्याच क्षणी कोपऱ्यातल्या एका रेडिओने ओरडून सांगितलं, वकील विजयी. मग दुसऱ्यानेही सांगितलं.

प्रमुखबाई ताडकन उठल्या. "सगळे सांगतायत! आपणच मागे राहिलो. ताईंना सांगा, वाचा म्हणावं." त्यांचं बोट स्टुडिओत बोलायच्या बटणावर गेलं.

"बाई, रेघ आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, प्रमुखबाईंपुढे चढायला नको होता, पण चढला. "शेवटची फेरी मोजायची राहिली असेल. रेघ आहे तोवर ती बातमी नाही."

बोट बटणावर तसंच राहिलं. पलीकडे ताईची नजर त्या वाक्यापाशी आली. मला तिची पापणी लवताना दिसली. ती त्याच्यावरून सहज पुढे गेली आणि दवाखान्याच्या नव्या इमारतीची बातमी वाचू लागली, जसं काही या शहरात आज निकाल नव्हताच. मग वरती एक वाक्य घुसलं, मग आणखी एक, मग उपसंपादकाने ते कच्चं वाक्य पार शेवटी नेऊन ठेवलं; वकील खाली खाली सरकत गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची रेघही. फूटपट्टींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

खिडकीतून बँडचा आवाज येत होता. वकिलांचं घर पुढच्याच रस्त्यावर होतं.

ताई शेवटच्या बातमीवर आली. तिच्या खालच्या वाक्यात अक्षरं हलली. वकील हा शब्द गेला, त्या जागी बेकरीवाल्या बाईंचं नाव आलं. रेघ अजून होती. ताईने मधल्या ठिपक्यांवर थांबून श्वास घेतला, आणि त्या श्वासातच रेघ नाहीशी झाली, नावाखाली जाड रेघ आली, विजयी या शब्दावर वरून एक चढली. तिने ते वाक्य वाचलं. कुठेही अडखळली नाही, कुठेही घाई नाही. नावावर जोर दिला, शेवटी सूर चढवला आणि बातमीपत्र संपवलं. शहरात ही बातमी सर्वांत आधी आणि बरोबर सांगणारी एकटी माझी ताई होती.

कोपऱ्यातले दोन्ही रेडिओ एकामागून एक दिलगिरी व्यक्त करू लागले. बाहेरचा बँड एका सुरावर मधेच थांबला. ध्वनिमुद्रक टाळ्या वाजवत उभा राहिला, फूटपट्टींनी दोन्ही हात वर केले, आणि मी इतकी मोठ्याने ओरडले की लाल दिवा बंद होता म्हणून बरं. मला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. माझ्या अर्ध्या पानाचा अभिमान होताच, पण त्याहून जास्त त्या आवाजाचा, जो मी लहानपणापासून स्वयंपाकघरात ऐकला होता.

प्रमुखबाईंनी चष्मा पुसला. मग त्या स्वतः उठल्या, स्टुडिओचं जाड दार त्यांनी स्वतः उघडलं. ताई पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी बटण दाबणार होते."

"दाबलं असतंत तरी मी वाचलं नसतं," ताई म्हणाली. "रेघ होती."

प्रमुखबाई दाराशी उभ्या असलेल्या नव्या निवेदिकेकडे वळून म्हणाल्या, "तू उद्या सकाळचं घे. संध्याकाळचं ताई वाचतील. यापुढेही."

"संध्याकाळचं मीच वाचणार होते," ताईने पेला खाली ठेवला. "तुमचं तेवढं ठरायचं राहिलं होतं."

प्रमुखबाई हसल्या. ताईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून बाजूला ठेवला, पडद्यावरची अक्षरं मोठी केली आणि संध्याकाळच्या बातम्या आधीच एकदा वाचून बघायला घेतल्या.